एकच पाच फुटी अल्ट्रालाइट रॉड, ब्लूगिलपासून वॉलायपर्यंत? अहो, नाही चालत

मे महिना जवळ आला की इकडे मिनेसोटा-विस्कॉन्सिन-मिशिगन भागातल्या आपल्या मराठी मंडळींमध्ये गळाने मासे धरण्याबद्दल एक मेसेज फिरायला लागतो, तुम्हालाही आला असेलच. थोडक्यात तो असा: "नवीन लोकांनी फार डोकं लावू नका, एक पाच फुटी अल्ट्रालाइट रॉड घ्या, ब्लूगिल, क्रॅपी, पर्च, वॉलाय सगळं त्याच्यावर होतं. रॉड हलका म्हणजे चावा जास्त कळतो. आखूड म्हणजे कंट्रोल जास्त. ६ पाउंड लिहिलंय म्हणजे ६ पाउंडापर्यंतचा मासा आरामात निघतो, वॉलाय त्याहून मोठा क्वचितच लागतो. रॉडवर छापलेला आयएम आकडा मोठा बघून घ्या. आणि हलक्या रॉडवर मासा खेळवण्यात खरी मजा आहे."

(रॉड म्हणजे गळाची काठी, अल्ट्रालाइट म्हणजे त्यातली सगळ्यात लवचिक; ब्लूगिल, क्रॅपी, पर्च हे छोटे मासे आणि वॉलाय त्यांच्याहून मोठा.) लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल हो, पण यातलं निम्मं अर्धवट आहे आणि उरलेलं सरळ चूक आहे. आणि लोक हे वाचून दुकानात जातात, रॉड घेतात, वॉलायच्या ओपनरला, म्हणजे हंगाम उघडतो त्या दिवशी, थंडीत कुडकुडत बसतात, एकही चावा कळत नाही आणि मग रॉड गॅरेजमध्ये कोपऱ्यात जातो तो कायमचा. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

पहिला आणि मोठा घोळ, सगळ्याला एकच रॉड. रॉड माशाच्या वजनावरून निवडतच नाहीत, तुम्ही त्याच्यावर किती वजनाचं आमिष टाकणार यावरून निवडतात. कुठलाही रॉड हातात घ्या, मुठीच्या जरा वर बारीक अक्षरात दोन गोष्टी छापलेल्या असतात, लाइन (दोरी) किती पाउंडाची आणि ल्यूर (आमिष) किती औंसाचं. अल्ट्रालाइटवर साधारण लाइन २ ते ६ पाउंड आणि ल्यूर १/३२ ते १/८ औंस असं काहीतरी असतं, कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. १/३२ औंस म्हणजे एक ग्रॅमसुद्धा नाही! ब्लूगिलचं तोंड एवढंसं असतं, त्याला ८ किंवा १० नंबरचा गळ आणि असला चिमुकला जिग (वजनाचं डोकं असलेला गळ) लागतो, आणि तो लांब फेकायचा तर रॉड असा पाहिजे की एवढ्याशा वजनानेही शेंडा वाकला पाहिजे. इथे अल्ट्रालाइटला तोड नाही, त्याबद्दल वादच नाही.

आता वॉलायकडे या. वॉलाय दिवसा बहुतेक वेळा खोलात, तळाजवळ असतो. त्याच्या डोळ्यात मागे एक चमकणारा थर असतो, त्यामुळे कमी उजेडात त्याला झकास दिसतं आणि भर उन्हात तो उथळ पाण्यात फारसा थांबत नाही. मग आमिष खाली तळापर्यंत जायला पाहिजे आणि तिथे टिकायला पाहिजे. जिगवाल्यांचा जुना हिशोब आहे, दर १० फूट खोलीला १/८ औंस, आणि वारा किंवा प्रवाह असेल तर त्याच्यावर अजून थोडं. म्हणजे २०-२५ फुटांत १/४ नाहीतर ३/८ औंस. ३/८ म्हणजे साडेदहा ग्रॅमच्या आसपास. हे वजन नुसतं लटकवलं तरी अल्ट्रालाइटचा शेंडा आधीच कमानीसारखा वाकून बसतो, मग मासा तोंडात धरतो तेव्हा अजून वाकायला, काही सांगायला त्याच्यात उरतंच काय?

आणि ही झाली तळ्याची गोष्ट. मिनेसोटात रेड विंगजवळ मिसिसिपीवर जा किंवा मार्च-एप्रिलमध्ये ओहायोत मौमी नदीवर जा, जिथे वॉलाय अंडी घालायला लेक एरीतून वर चढतो आणि लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून टाकत असतात. तिथल्या प्रवाहात १/१६ औंसाचा जिग तळाला लागतच नाही, वाहत वाहत शेजाऱ्याच्या लाइनमध्ये जाऊन अडकतो आणि मग शेजारी काय बोलतो ते ऐकून घ्यावं लागतं.

वॉलायसाठी बहुतेक लोक साडेसहा ते सात फुटी मीडियम लाइट, फास्ट ॲक्शन वापरतात ते उगाच नाही. इथेच अजून एक गोंधळ मिटवून टाकू, पॉवर आणि ॲक्शन या वेगळ्या गोष्टी आहेत. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम लाइट वगैरे. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो, फास्ट असेल तर फक्त शेंड्याकडे, मॉडरेट असेल तर मध्यापर्यंत, स्लो असेल तर पार मुठीपर्यंत. मेसेजमध्ये ॲक्शनचा उल्लेखच नाही, आणि खरं तर निम्मा खेळ तिथेच आहे. क्रॅपीचं तोंड कागदासारखं पातळ, कडक शेंड्याच्या रॉडने जोरात झटका दिला की फाटतं आणि मासा गेला, तिथे मॉडरेट बरा. वॉलायचं तोंड हाडकट आणि दातवालं, तिथे गळ रुतवायला मागे जरा कणा असलेला रॉड लागतो. पूर्ण वाकणाऱ्या पाच फुटी अल्ट्रालाइटने २० फूट खोलात झटका दिला तर तो झटका रॉडच गिळून टाकतो, खाली गळापर्यंत पोचतो तो नुसता हेलकावा.

दुसरा मुद्दा, हलका म्हणजे चावा जास्त कळतो. हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की कोणी तपासत नाही. रॉडचं स्वतःचं वजन कमी असणं आणि पॉवर कमी असणं ही एकच गोष्ट धरलीये इथे. फायबरग्लासचा अल्ट्रालाइट घ्या, मऊ असतो, पोरांच्या हातात द्यायला उत्तम, गाडीच्या डिकीत आपटला तरी बिनधास्त, पण चाव्याची थरथर त्याच्या मऊपणात विरून जाते. याउलट चांगला ग्रॅफाइटचा (म्हणजे कार्बन फायबरचा) मीडियम लाइट खालची वाळू कुठे संपली आणि खडे कुठे सुरू झाले ते मुठीत सांगतो.

शिवाय चावा म्हणजे दर वेळी टक्कन झटका असं समजू नका. वॉलाय बऱ्याचदा नुसता जिग तोंडात ओढून घेतो, हाताला काय जाणवतं तर जिग अचानक जड झाला, ओला पालापाचोळा अडकल्यासारखं, किंवा जिग खाली पडत होता तो मधेच पडायचा थांबला. हे ओळखायचं तर आधी तुम्हाला जिगचं वजन हातात सतत जाणवत असलं पाहिजे, आणि मिल लॅक्ससारख्या मोकळ्या तळ्यावर वारा सुटला की हलक्या जिगची लाइन पाण्यावर धनुष्यासारखी फुगते आणि वजन जाणवणंच बंद होतं. तिथे हजार डॉलरचा अल्ट्रालाइट दिलात तरी काही कळणार नाही. क्रॅपीचं अजून वेगळं, तो खालून वर येऊन खातो, त्यामुळे कितीदा लाइन ताणली जायच्या ऐवजी सैल पडते. तो चावा हाताला कळतच नाही, डोळ्याने लाइन बघावी लागते. म्हणून अल्ट्रालाइटवर भडक पिवळी किंवा हिरवी लाइन लावा आणि पुढे दोनेक फूट पारदर्शक लीडर (गळाकडचा वेगळा तुकडा) बांधा, महाग रॉडपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

आखूड म्हणजे कंट्रोल, हे कुठून आलं असेल याचा मला अंदाज आहे. एक तर बर्फावरचे रॉड, ते २४ ते ३६ इंचीच असतात, पण तिथे तुम्ही बर्फातल्या भोकाच्या बाजूला बादलीवर बसलेले असता, फेकायचं काहीच नसतं. दुसरं म्हणजे झुडपांतले छोटे ओढे, जिथे मागे फांद्या असतात, तिथे पाच फुटी रॉड खरंच सोयीचा. पण किनाऱ्यावरून किंवा डॉकवरून पॅनफिश (ब्लूगिल-क्रॅपीसारखे छोटे मासे) करणाराला लांबीच लागते. रॉड लांब की शेंड्याचा वेग जास्त, म्हणजे तोच १/३२ चा जिग लांब जातो. रॉड लांब की एका हालचालीत सैल लाइन जास्त उचलली जाते. फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) लावून टाकताना फ्लोटच्या खाली तीन-चार फूट लाइन लोंबत असते, ती पाच फुटी रॉडने फेकून दाखवा मला. अमेरिकेतले क्रॅपीवाले दहा-बारा फुटी काठ्या घेऊन बसतात, आणि आपल्याकडे कोकणात खाडीवर गरवायला बसणारे तरी कुठे आखूड बांबू घेतात? साडेसहा-सात फुटी अल्ट्रालाइट सगळीकडे मिळतो, तोच घ्या. गाडीत मावत नाही म्हणाल तर दोन तुकड्यांचा घ्या, आता जोड इतके चांगले येतात की फरक कळत नाही.

पाउंडवाला मुद्दा मात्र सगळ्यात मजेशीर आहे. रॉडवरचे ६ पाउंड म्हणजे त्यावर ६ पाउंडपर्यंतची लाइन लावा, एवढंच. माशाच्या वजनाशी त्याचा काहीएक संबंध नाही. आणि ६ पाउंडाची लाइन म्हणजे साधारण तेवढ्या ताणाला ती तुटते. पाण्यात मासा जवळजवळ तरंगता असतो, त्याचं सगळं वजन लाइनवर येतच नाही, येते ती त्याची ओढ, आणि ओढ सांभाळायचं काम रिळाच्या ड्रॅगचं, म्हणजे ठरावीक ओढीला लाइन सोडणाऱ्या ब्रेकचं. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याला सुटेल असा लावला आणि तो अडखळत नसेल तर ४ पाउंड लाइनवर ८ पाउंडाचा वॉलायही निघतो. उलट अर्ध्या पाउंडाचा ब्लूगिल डॉकवर सरळ रॉडने उचलताना शेंडा मोडलेला बघितलाय मी, कारण रॉड एकदम उभा धरला होता, सगळा बाक शेंड्यापाशी. रॉड माशामुळे मोडतात त्याहून जास्त उचलण्यामुळे, गाडीच्या दारामुळे आणि अडकलेला गळ रॉडने ओढल्यामुळे मोडतात. गळ अडकला की रॉड सरळ त्या दिशेला करा, लाइन एखाद्या काठीला गुंडाळा आणि हाताने ओढा. अल्ट्रालाइटवर १०-१५ पाउंडाची ब्रेड (विणलेली लाइन) लावणाऱ्यांनी तर हे नक्कीच करा, तिथे लाइनच्या आधी रॉड जातो.

आयएम आकड्याबद्दल फार बोलायला नको. आयएम ६, आयएम ७ ही हेक्सेल नावाच्या कंपनीच्या कार्बन फायबरची नावं आहेत, रॉड उद्योगाची प्रतवारी नव्हे. कोणीही स्टिकरवर काहीही छापतं. दुकानात आकडा वाचण्यापेक्षा रॉडला तुमचं रीळ लावून धरा, मुठीच्या पुढे एका बोटावर तोलला जातो का बघा, गाइडच्या रिंगा (ज्यांतून लाइन जाते त्या) सरळ रेषेत आहेत का बघा आणि शेंडा छताला हळूच टेकवून कुठून वाकतोय ते बघा. दुकानदार काही म्हणत नाही, फक्त हळूच करा.

राहिली मजा. ब्लूगिल अल्ट्रालाइटवर गोल गोल फिरतो तेव्हा खरंच धमाल येते, नाही कोण म्हणतंय. पण वॉलाय उगाच पाच-सात मिनिटं खेळवायचा आणि मग फोटो काढून सोडायचा हे मला पटत नाही. मिल लॅक्ससारख्या ठिकाणी अमुक लांबीचा मासा सोडावाच लागतो, आणि उन्हाळ्यात पाणी गरम असताना सोडलेले वॉलाय मरायचं प्रमाण वाढतं. दमवून आणला तर अजूनच हाल. त्यात तीस फुटांहून खोल पाण्यातून वर काढला तर त्याची हवेची पिशवी फुगते, ती त्याला पटकन रिकामी करता येत नाही, मग तुम्ही सोडलात तरी तो पांढरं पोट वर करून तरंगत राहतो. खायचा असेल तर गोष्ट वेगळी, रवा लावून तव्यावर वॉलायसारखा मासा नाही. पण सोडायचाच असेल तर जरा दणकट रॉडने लवकर आणा.

वॉलाय अल्ट्रालाइटवर कधीच नाही असंही नाही. मे महिन्यात संध्याकाळी तो किनाऱ्याजवळ चार-सहा फुटांत येतो, वारा पडलेला असतो, तेव्हा १/१६ चा जिग आणि मिनो (आमिषाचा छोटा मासा) लावून किनाऱ्यावरून टाकलात तर अल्ट्रालाइटवर मस्त लागतो. पण ते दिवस थोडे.

मग खरंच एकच रॉड परवडत असेल तर? तर साडेसहा फुटी लाइट पॉवर, फास्ट ॲक्शन घ्या, अल्ट्रालाइट नव्हे. लाइन ४ ते ८ पाउंड आणि ल्यूर १/१६ ते ५/१६ औंसच्या आसपास लिहिलेला. त्याला १०००-२००० साइजचं रीळ आणि ६ पाउंड मोनो (एकधागी नायलॉन लाइन). ब्लूगिलला थोडा जास्त, खोलातल्या वॉलायला थोडा कमी पडेल, पण दोन्हीकडे काम होतं. आणि दोन घ्यायचे असतील तर आधी सात फुटी अल्ट्रालाइटच घ्या, कारण मिनेसोटात तळ्यांवर क्रॅपी-ब्लूगिलला बारा महिने परवानगी आहे आणि वॉलायचा हंगाम मे महिन्याच्या मध्यात उघडतो, तोवर एप्रिलभर त्याच्यावर हात बसेल. मीडियम लाइट नंतर सवडीने घ्या, आणि वय १६ किंवा त्याहून जास्त असेल तर लायसन्स मात्र रॉडच्या आधी.