फॅट हवं तेवढं खा म्हणे!

तोच मेसेज परत आला, यावेळी मावशीकडून. म्हणणं असं की फॅटने वजन वाढतच नाही, खरा व्हिलन इन्सुलिन, म्हणजे कार्ब्स (भात, पोळी, साखर) खाल्ले की रक्तात वाढणारं हार्मोन, म्हणून कार्ब्स बंद करा आणि तेल, लोणी, चीज बिनधास्त खा. साखर कमी करा इतपत ठीके, त्याला कोण नाही म्हणतंय.

पण 'इन्सुलिन वाढलं नाही तर चरबी साठत नाही' हे साफ चूक. चरबी साठायला इन्सुलिनची उसळी लागत नाही, उपाशीपोटी रक्तात असतं तेवढंही पुरतं. आणि हे तपासूनही झालंय, 2015 ला अमेरिकेत संशोधक केविन हॉलच्या टीमने 19 लठ्ठ लोकांना संशोधन केंद्रातच ठेवून अगदी मोजूनमापून जेवायला दिलं, एकदा नुसते कार्ब्स कापले, एकदा नुसतं फॅट, कॅलरींची कपात दोन्ही वेळा सारखीच, 30 टक्के. कार्ब्स कापल्यावर इन्सुलिन उतरलं खरं, पण अंगातली चरबी जास्त घटली ती फॅट कापल्यावर! प्रत्येक कपात जेमतेम सहा दिवसांची होती, त्यामुळे लो-फॅटच भारी असं मी काही म्हणत नाही, पण मेसेजमधली थिअरी तिथे आपटली.

मेसेजमधलं पुढचं, 'फॅटने पोट भरतं, जास्त खाल्लंच जात नाही.' हो का? 1995 ला सिडनी विद्यापीठात 38 पदार्थ सारख्याच कॅलरींचे खायला देऊन पोट किती भरतं ते मोजलं होतं, पहिला आला साधा उकडलेला बटाटा आणि शेवटचा क्रोइसाँ, म्हणजे भरपूर लोणी घालून केलेला फ्रेंच पाव. कारणही सोपंय, एक ग्रॅम फॅटमध्ये 9 कॅलरी, कार्ब्स आणि प्रोटीनमध्ये 4. मोठा चमचाभर तेल म्हणजे 120 कॅलरी, आणि ते पोटात गेल्याचं कळतही नाही.

'अमेरिकेने फॅट सोडलं आणि लोक जाडे झाले.' सोडलं कुठे? जेवणातला फॅटचा टक्का घसरला कारण एकूण खाणंच वाढलं. फॅट-फ्री लिहिलेली बिस्किटं, आत साखर ठासून, आणि फॅट-फ्री आहे म्हणून अख्खा पुडा. याला फॅट कमी करणं म्हणत नाहीत.

राहिलं 'लो-फॅट फेल गेलं'. 2018 चा स्टॅनफर्डचा अभ्यास, 609 लोक, एक वर्ष. लो-फॅटवाल्यांचं सरासरी 5.3 किलो उतरलं, लो-कार्बवाल्यांचं 6, म्हणजे फरक नसल्यात जमा. फेल असतं तर दोघंही फेल म्हणावे लागतील ना.

उलट टोकाला जाऊन फॅट झिरोही करू नका, ए, डी, ई, के ही व्हिटॅमिनं फॅटशिवाय नीट शोषली जात नाहीत.

मावशीला एवढं सगळं पाठवलं नाही, फक्त लिहिलं की तेल बाटलीतून ओतू नकोस, चमच्याने घाल. तिने अंगठा पाठवला, आणि पाठोपाठ लिंबूपाण्याचा मेसेज.