रेडिएशन घेऊनही गाठ का उरते?

एक मेसेज व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतो आहे: रेडिएशनमध्ये कर्करोगाची गाठ भाजून काढतात, ती उरलीच तर डॉक्टरांनी डोस कमी दिला, मध्ये चार दिवस खाडा झाला तरी चालतो, आणि अशक्तपणा येऊ नये म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या चालू ठेवा. यातल्या शेवटच्या दोन सल्ल्यांमुळे रुग्णाचं खरोखर नुकसान होऊ शकतं, म्हणून हे लिहितोय.

भाजण्याचं आधी निकालात काढू. रोजचा नेहमीचा डोस असतो २ ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक). त्याने शरीराचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागानेही वाढत नाही. घाव बसतो तो डीएनएवर. त्याचे दोन्ही धागे तुटतात, ते नीट सांधले गेले नाहीत तर पेशी बहुतेकदा विभाजनाच्या वेळी मरते.

आता डोस कमी पडल्याचा आरोप. पुरेसा डोस देऊनही काही पेशी तगतात. धागे तुटले की एटीएम हे प्रथिन इशारा देतं आणि विभाजन थांबतं. मग ‘कू’ प्रथिनांची जोडी तुटलेल्या टोकावर कड्यासारखी बसते, डीएनए-पीके या प्रथिनाला बोलावून घेते आणि टोकं जोडली जातात. निरोगी पेशीही हेच करतात. पण काही गाठींमध्ये ही दुरुस्ती फार जोरात चालते. त्यात ऑक्सिजनचा प्रश्न. किरणांमुळे डीएनएला झालेली इजा ऑक्सिजन पक्की करतो. तो नसेल तर पेशीतलं ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट ती इजा बरीचशी भरून काढतं. रक्तवाहिनीपासून जेमतेम ०.१५ मिलिमीटरवर ऑक्सिजन संपत येतो, हे लंडनमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे या संशोधकांनी १९५५ मध्येच फुप्फुसाच्या गाठींवरून दाखवलं होतं. अशा गुदमरलेल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. तेवढा डोस शेजारचं निरोगी ऊतक सोसणार नाही. यात डॉक्टरांची कुचराई कुठे आली?

खाड्याचं म्हणाल तर तोंडाच्या, घशाच्या कर्करोगात साधारण चौथ्या आठवड्यानंतर वाचलेल्या पेशी जास्त वेगाने वाढू लागतात. डेन्मार्कमध्ये आठवड्याला पाचऐवजी सहा वेळा रेडिएशन दिल्यावर गाठ जास्त रुग्णांत आटोक्यात राहिली. मशीन बंद पडलं किंवा गावाहून एसटी चुकली, तर बुडालेला डोस कसा भरून काढायचा हे त्याच दिवशी विचारा.

गोळ्यांबद्दल कॅनडात रेडिएशन घेणाऱ्या ५४० रुग्णांवर चाचणी झाली. ई जीवनसत्त्व या अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांत पुढे मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. डाळ, अंडी, फळं जरूर खा. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि बिडी-सिगारेट पूर्ण बंद: धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातला ऑक्सिजन गाठीपर्यंत पुरेसा पोहोचू देत नाही.