टर्बो गाडीत "टायमिंग 5 डिग्री पुढे घ्या" म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

पुण्यातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. मथितार्थ असा की टर्बो पेट्रोल गाड्या (ज्यांत एक्झॉस्टवर फिरणारा टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो) 2000 आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या खाली मेल्यासारख्या चालतात कारण कंपनी मुद्दाम इग्निशन टायमिंग (प्लगची ठिणगी कधी पडते ते, क्रँकच्या डिग्रीत) मागे ठेवते, तर रीमॅप करताना, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून घेताना, खालच्या आरपीएमला सरसकट 5 डिग्री ऍडव्हान्स, म्हणजे ठिणगी तेवढी लवकर, करून घ्या, पिकअप सुटेल, इंजिनातला खडखडाट ओळखणारा नॉक सेन्सर असतोच त्यामुळे इंजिनाला धोका शून्य, आणि फारच भीती वाटली तर 100 ऑक्टेन (सहजी आपोआप न भडकणारं महाग पेट्रोल) भरा. वर बोनस म्हणून, घाटात गिअरही खाली टाकावा लागणार नाही म्हणे.

आता यातलं एकेक बघू.

"कंपनी मुद्दाम टायमिंग मागे ठेवते." हो, मुद्दामच ठेवते, पण तुमची ताकद चोरायला नाही. ठिणगी पडली की सगळं मिश्रण एका क्षणात पेटत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकतात, म्हणजे सगळ्यात जास्त दाब पिस्टन वरून खाली निघाल्यावर साधारण 10 ते 15 डिग्रीला येतो. झोपाळा पुढे निघाल्यावर ढकलला तर झेपावतो, अंगावर येत असताना ढकललात तर तुमचाच हात दुखेल, तसंच आहे हे. जितक्या कमीत कमी ऍडव्हान्सला सगळ्यात जास्त टॉर्क मिळतो त्याला ट्यूनर लोक, म्हणजे रीमॅप करणारे, एमबीटी म्हणतात. त्याच्या पुढे गेलात की टॉर्क वाढत नाही, उलट कमी होतो.

आणि मेसेजवाल्याने दोन वेगळ्या गोष्टी एकाच भांड्यात घातल्यात. कर्वे रोडवर चौथ्या गिअरमध्ये 1500 ला हलक्या पायाने चाललाय, तेव्हा सिलेंडरमध्ये हवा कमी, मिश्रण हळू जळतं, आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आधीच 30 डिग्रीच्या आसपास किंवा त्याहून जास्त ऍडव्हान्स देत असतो, तिथे अजून 5 घालून काही हाती लागत नाही. तोच 1700 ला पूर्ण पाय दाबला की बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा जास्तीचा दाब) भरतो, दाब चढतो, आणि आरपीएम कमी असल्यामुळे कोपऱ्यातल्या न जळलेल्या मिश्रणाला तापायला भरपूर वेळ मिळतो. हिशोब सोपा आहे, 1500 ला क्रँकची एक डिग्री फिरायला जो वेळ लागतो तो 6000 च्या चौपट असतो. तेवढ्या वेळात ते मिश्रण ज्योत पोचायच्या आधी आपणहून भडकतं, यालाच आपण नॉकिंग म्हणतो. म्हणून फुल लोडला खालच्या आरपीएमचं टायमिंग एक आकडी असतं, छोट्या डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बोमध्ये तर कधी कधी पिस्टन वर पोचून गेल्यानंतर ठिणगी पडते. कंपनीने तिथे ताकद दाबून ठेवलेली नाही, पेट्रोल जेवढं सहन करतं तेवढंच दिलंय.

"5 डिग्री म्हणजे पिकअप." हा सल्ला कुठून आला ते कळतं. पद्मिनी किंवा कार्ब्युरेटरवाली 800 असताना प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटर उर्फ डेल्कोचा नट सैल करायचा, किंचित फिरवायचा, टायमिंग लाईट मारून बघायचं, खडखडलं तर परत मागे. त्या इंजिनांना खरंच फरक पडायचा कारण टायमिंग बरेचदा ढिलंच असायचं. पण एमबीटीच्या जवळ टॉर्कचा आलेख सपाट असतो, चार-पाच डिग्री इकडे तिकडे झाल्या तर जेमतेम एखाद-दोन टक्के फरक. याउलट बूस्ट 0.4 वरून 0.8 बारवर गेला की, पुण्याची उंची धरून आणि तापमानाचा हिशोब सोडून, सिलेंडरमधली हवा साधारण 30 टक्क्यांनी वाढते. खालच्या आरपीएमची ताकद तिथे आहे, हवेत.

त्यातली गंमत म्हणजे ठिणगी उशिरा पडली की एक्झॉस्ट जास्त गरम निघतो आणि टर्बाइनला जास्त ऊर्जा मिळते. रॅलीच्या गाड्यांमधली अँटीलॅग सिस्टिम याच तत्त्वावर टर्बो फिरता ठेवते. म्हणजे टायमिंग पुढे ओढून तुम्ही टर्बोच्याच ताटातलं काढून घेताय, मग लॅग (पाय दाबल्यावर टर्बो जागा व्हायला लागणारा उशीर) का जात नाही म्हणून त्याच ग्रुपवर विचारायचं. शिवाय आजकालचा ईसीयू टॉर्कच्या हिशोबाने चालतो, कुठल्या टायमिंगला किती टॉर्क येणार हे त्याच्या मॉडेलमध्ये लिहिलेलं असतं, एकच टेबल उचलून 5 वाढवलं आणि बाकीचं तसंच ठेवलं तर त्याचा हिशोब चुकतो आणि तो थ्रॉटल स्वतःच बंद करायला लागतो.

"नॉक सेन्सर आहे, धोका शून्य." हे मात्र सगळ्यात घातक वाक्य आहे. नॉक सेन्सर ब्लॉकला बोल्टने लावलेला पिझो, म्हणजे कंपन ओळखणारा स्फटिक असतो, साधारण 6-7 किलोहर्ट्झच्या आसपासचा खडखडाट ऐकतो. ऐकतो म्हणजे तो नॉक झालेला असतो! मग ईसीयू त्या सिलेंडरचं टायमिंग पटकन दोन-तीन डिग्री मागे घेतो आणि हळूहळू पुढे आणतो, परत नॉक, परत मागे. तुम्ही घातलेले 5 त्यातच गेले, वर गाडी अर्धवट ओढते, अर्धवट सोडते, आणि गिऱ्हाईक म्हणतं "रीमॅपनंतर मस्त धक्का बसतो".

दुसरं म्हणजे लो स्पीड प्री-इग्निशन. टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त लोडला मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं, बरेचदा ऑइलच्या थेंबामुळे किंवा कार्बनच्या कणामुळे. ठिणगीच्या आधी पेटलं तर टायमिंग मागे घेऊन सेन्सर काय करणार, कप्पाळ? एका जोरदार फटक्यात पिस्टनची रिंगलँड (दोन रिंगांमधला कडा) तुटू शकते. ऑइलमधल्या कॅल्शियमवाल्या डिटर्जंटमुळे हे वाढतं म्हणून 2018 मध्ये एपीआय (ऑइलची प्रत ठरवणारी अमेरिकन संस्था) एसएन प्लस आणि 2020 मध्ये एसपी ही ग्रेड आली. पुढच्या सर्व्हिसिंगला कॅनच्या मागचं गोल चिन्ह बघा, त्यात एसपी लिहिलंय का ते.

"100 ऑक्टेन भरा." इथे मेसेजवाल्याला अर्धे मार्क देतो. ऑक्टेन जास्त असेल तर नॉक उशिरा येतो आणि टायमिंगला खरंच जागा मिळते. इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेन पेट्रोल एक्सपी100 डिसेंबर 2020 मध्ये निघालं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं, त्यामुळे इथे मिळतं. पण मॅप त्या पेट्रोलवर बनवला आणि कोल्हापूरला जाताना हायवेवर साधं भरावं लागलं तर? आणि सकाळी सहाला पाषाण रोडवर काढलेला लॉग (चालत्या गाडीत नोंदलेले आकडे) एप्रिलमध्ये दुपारी हिंजवडीच्या जाममध्ये लागू होत नाही, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर भट्टीसारखा तापलेला असतो, आत जाणारी हवाच गरम असते.

रीमॅप करूच नका असं मी म्हणत नाही. ट्यूनरकडे लॉग मागा: तिसऱ्या गिअरमध्ये 1500 पासून फुल थ्रॉटल, त्यात टायमिंग, प्रत्येक सिलेंडरचा नॉक रिटार्ड (नॉकमुळे ईसीयूने टायमिंग किती मागे घेतलं), आत येणाऱ्या हवेचं तापमान, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट. गाडीच्या सॉकेटला लावायच्या स्वस्तातल्या ओबीडी डोंगलवर टायमिंग दिसतं पण सिलेंडरवार रिटार्ड बहुतेक दिसत नाही, त्याला त्या कंपनीचं टूल लागतं. लॉग द्यायला टाळाटाळ केली तर गाडी घेऊन घरी या. आणि त्याच्याही आधी इंटरकूलरचे पाईप कुठे सुटलेत का ते बघा आणि प्लग बदला, अर्ध्या "पिकअप गेला" तक्रारी तिथेच मिटतात.

राहिला घाट. दिवे घाटात किंवा सिंहगडावर चौथ्यात 1400 ला पाय पूर्ण दाबून चढणं म्हणजे वर सांगितलेलं सगळं एकाच वेळी ओढवून घेणं. एक-सव्वा लिटर टर्बोचा पूर्ण टॉर्क ब्रोशरप्रमाणे 1500-1750 पासून असतो, पण चढावर 2500 च्या आसपास ठेवलीत तर टर्बो भरलेला असतो आणि पाय अर्धाच लागतो. दुसरा टाका, लाज कसली त्यात. ऑटोमॅटिकवाल्यांनी चढ सुरू व्हायच्या आधीच एस किंवा मॅन्युअलला घ्या, डी मध्ये ती मायलेजच्या नादात वरचा गिअर धरून बसते.