अनंत अनंतात विलीन

वर्षभराच्या हमीवर घेतलेलं झाड मेलं आणि दुकानात परत करायचं असेल तर ते मुळासकट न्यावं लागतं, हे मला गेल्या शनिवारी कळलं. पहिल्या खेपेला मी नुसती काडी नेली होती. काउंटरवरच्या मुलीने काडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "बाकीचं कुठंय?" मग घरी जाऊन खुरप्याने बाकीचं उकरलं, माती झटकली, त्याच्या मूळच्या प्लॅस्टिकच्या कुंडीत कोंबलं आणि परत येऊन रांगेत उभी राहिले. रांग आता दुप्पट झाली होती.

बाकीचं म्हणजे अनंत. गेल्या मे महिन्यात, याच दुकानात, बरोबर गल्ल्याशेजारी, नऊ शुभ्र फुलांसकट उभा होता. मिरजेला आमच्या घरी हौदाजवळ अनंत होता. आई फूल तोडायला देठाशीच धरायला लावायची. पाकळीला बोट लागलं की तासाभरात तिथे तपकिरी डाग. तो वास मिनिआपोलिसच्या दुकानात, ढकलगाड्यांच्या गर्दीत नाकात शिरल्यावर मी काय झाडाची चिठ्ठी वाचणार? तरी वाचली. वर मोठ्या अक्षरांत 'फ्रॉस्ट प्रूफ' लिहिलं होतं. आता याहून जास्त कुणी काय लेखी द्यायचं? चाळीस डॉलर मोजले. नोव्हेंबरात बुंध्याशी ढीगभर पालापाचोळा घातला, वरून गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधला. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, "आत कोण आहे?" एप्रिलात सुतळी सोडली तेव्हा आत कोणीच नव्हतं.

तर रांग. माझ्या तोंडून "काय कटकट आहे" निघालं आणि मागून लगेच आवाज आला, "मराठी का?"

पंचाहत्तरीचे काका. डोक्यावर बेसबॉलची टोपी, अंगात हाताने विणलेला स्वेटर, आणि हातात त्यांचंही एक मेलेलं झाड. पण त्यांचं कसं, कुंडी पुसलेली, मुळं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधलेली. बगलेत फाइल. माझ्या झाडातून माझ्याच सँडलवर माती गळत होती.

"गेलंय ते," काका म्हणाले.

"हो."

"कधी?"

"हिवाळ्यात."

"हिवाळ्यात म्हणजे जानेवारीत की मार्चात?"

भेटायला आलेला माणूस जसा 'शेवटचं काही बोलले का' विचारतो, तसा सूर. मी म्हटलं, काका, गोणपाटाच्या आत होतं, मला काय माहीत. "बघू," म्हणून त्यांनी माझी परवानगी न घेता अंगठ्याच्या नखाने शेंड्याची साल खरवडली. आतून हिरवं निघालं तर जीव आहे, तपकिरी निघालं तर नाही. हे मलाही ठाऊक होतं, मी घरी करून पाहिलं होतं. पण काका थांबेनात. "इथे गेलंय." दोन इंच खाली. "इथेही गेलंय." आणखी खाली. पाला उडवायचं यंत्र परत करायला आलेला पुढचा पोरगा वळून बघायला लागला. त्याच्या पुढची बाईही. काका बुंध्यापर्यंत पोचले, चष्मा कपाळावर चढवला, वाकून बघितलं आणि मराठी न कळणाऱ्या त्या दोघांकडे बघून गंभीरपणे मान हलवली. पोरगा म्हणाला, "सॉरी." मला! सांत्वनाला! चाळीस डॉलरच्या काडीबद्दल!

"तुमचा झोन कोणता?" काकांनी विचारलं. एकेकाळी रेल्वेच्या डब्यात 'आपलं गोत्र कोणतं' ज्या सहजपणे विचारत, तसं.

झोनचं प्रकरण असं, की अमेरिकेच्या शेती खात्याने सगळ्या देशाचे थंडीप्रमाणे 13 पट्टे पाडलेत. एखाद्या गावात वर्षातली सर्वांत थंड रात्र सरासरी किती थंड, त्यावर पट्टा ठरतो. पट्ट्याचे पुन्हा दोन अर्धे, ए जास्त थंड, बी जरा कमी. माझा अनंत झोन 7चा, म्हणजे फार तर उणे 18 सेल्सियसपर्यंत तग धरणारा. आमचं गाव झोन 5ए, म्हणजे उणे 29 ते उणे 26. आणि तीही सरासरी. 30 जानेवारी 2019ला इथल्या विमानतळावर पारा उणे 33 दाखवत होता. झाडाला सरासरीने मरता येत नाही, एका रात्रीत मरावं लागतं.

"5ए," मी म्हटलं.

"आता! पूर्वी 4बी होता!" काकांना कंठ फुटला. "माहेर कुठलं तुमचं?"

"मिरज."

"मी नाशिकचा. मग ऐक." माहेर कळल्याबरोबर मी 'तुम्ही'वरून 'तू'वर आले. "नोव्हेंबर 2023ला नवा नकाशा आला. आपण अर्धा झोन वर सरकलो. हे बघ, जपानी मेपल. चिठ्ठीवर काय? झोन 5 ते 8. पूर्वी हे मेलं असतं तर दुकान म्हणालं असतं, तुमचा झोन नाही, हमी लागू नाही. आता झोन माझा! नकाशा बदलला आणि माझी हमी सुरू झाली. हे दुसरं."

"दुसरं मेलेलं?"

"दुसरं. पण मी पैसे एकदाच दिलेत. काय करायचं, झाड बदलून घ्यायचं नाही. बदललेल्या झाडाला हमी नसते, मागे बारीक अक्षरात लिहिलंय. पैसे परत घ्यायचे. बाहेर जायचं, पुन्हा आत यायचं, त्याच पैशांत नवं घ्यायचं. नवी पावती, नवं वर्ष!"

"पण काका, जगणारंच झाड का नाही घेत?"

काका माझ्याकडे असे बघत राहिले, की मी ब्रिज खेळणाऱ्याला 'पत्ते कशाला, पुस्तक वाचा' म्हटलं असावं.

"पावती आहे ना?" त्यांनी विचारलं.

होती. पाकिटातून काढली. पांढरीशुभ्र. ते चकचकीत कागद उन्हाने, उष्णतेने पुसट होतात आणि माझी पावती वर्षभर गाडीच्या कप्प्यात होती. तिरकी धरली की 'थँक यू' तेवढं वाचता येत होतं. काकांनी काही न बोलता फाइल उघडली. त्यांच्या प्रत्येक पावतीला मागे झेरॉक्स टाचलेली होती.

आता इथे कोणाच्या तरी मनात येईल, की अनंत काय आणि आपण काय, दोघंही परक्या मातीत उपटून लावलेले. कृपा करून येऊ देऊ नका. या विषयावर आमच्या इथे दर दिवाळी अंकात दोन कविता असतात. मी झाडासारखी नाही. मला उणे 33ला स्वेटर घालता येतो आणि माझ्या नावाची पावती कुणी फाडलेली नाही.

काउंटरवर काय झालं ते दोन ओळींत. मुलीने कार्डावरून खरेदी शोधून काढली (म्हणजे पावतीची गरजच नव्हती), मग चिठ्ठी उलटी केली. मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, झोन 7. "हे आपल्या झोनचं नाहीये," ती म्हणाली. काडी कचऱ्यात गेली. काकांना त्यांचे पैसे सव्वा मिनिटात मिळाले.

मी विचारलं, मग इथे विकता कशाला? ती म्हणाली, लोक घेतात म्हणून. खरं सांगायचं तर इथे माझं हसू संपलं. पाच महिने बर्फ पाहिलेल्या माणसाला मे महिन्यात काहीही विकता येतं. हरितगृहात फुलवून आणलेली झाडं दाराशी मांडायची, वास सोडायचा, आणि मरणाची तारीख मागच्या बाजूला छापायची. माझ्याकडे निळ्या हायड्रेंजियाचं एक झुडूप सात वर्षं आहे. दर हिवाळ्यात जुन्या फांदीवरच्या कळ्या मरतात, दर उन्हाळ्यात भरघोस पानं येतात. तीस डॉलरची मेथीची जुडी. तेही असंच, गल्ल्याशेजारचं.

आणि खरोखर जगणारी झाडं मागे, खतांच्या पोत्यांपलीकडे, फुलं नसल्यामुळे काड्यांसारखी उभी. इथल्या विद्यापीठाने काढलेली 'नॉर्दर्न लाइट्स' अझेलिया 1978पासून बाजारात आहे, उणे 34लाही तिच्या कळ्यांना काही होत नाही, मे संपता संपता नुसती पेटते. लायलॅक तर कुणी न बघताही फुलतो, फक्त फुलं सरल्या सरल्या कापायचा. उशीर केलात तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापता. माझी पिओनी मात्र गुणी बाई. कोंब दोन इंचांपेक्षा खोल पुरला नाही की झालं, उलट थंडी तिला हवीच असते. आत्ता तिच्या कळ्यांवर मुंग्या फिरतायत. मुंग्यांनीच कळी उमलते असं अर्धं गाव सांगतं. उमलत नाही, मुंग्या कळीबाहेरचा गोड रस चाटायला येतात. ती फुलली की पहिल्याच वादळी पावसात जमिनीला तोंड लावते. तेवढं एक सोडलं तर.

काकांनी मला तिथूनच पोत्यांमागे नेलं. "वास पाहिजे ना तुला? पांढरं पाहिजे? हे घे." मॉक ऑरेंज, जात 'मिनेसोटा स्नोफ्लेक'. दुहेरी पांढरं फूल, जूनमध्ये. एकच कळी उघडली होती. नाक लावलं. अनंत नाही. पण संत्र्याच्या मोहोराच्या वासात लांबून कुणीतरी मोगरा नेल्यासारखं काहीतरी. झोन 4. या खेपेला मी आधी चिठ्ठीची मागची बाजू वाचली, मग पुढची, मग पुन्हा मागची. काका म्हणाले, "हे मरायचं नाही," आणि त्यांच्या आवाजात जराशी निराशा होती.

आज सकाळी त्यांचा फोन आला. माझा नंबर त्यांनी रांगेतच टिपून घेतला होता.

"लावलंस?"

"लावलं काका."

"पाणी?"

"घातलं."

"आणि पावतीची झेरॉक्स?"

पावती शनिवारच्या पँटच्या खिशात होती. पँट मशीनमध्ये होती. मशीन मागे घुर्र करत होतं, आणि काकांना ते फोनवर ऐकू गेलं.