मासळी बाजार म्हणजे कांद्याची वखार नव्हे

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी तीन ग्रुपवर तोच मेसेज आला. एक माहेरच्या नात्यातला, एक ऑफिसचा, एक सोसायटीचा. सोसायटीच्या ग्रुपवर तर खाली अंगठ्यांची रांग लागली होती. मेसेज लांबलचक आहे, पण सार एवढंच: मुंबईच्या मोक्याच्या जागांवरचे मासळी बाजार महापालिकेने हलवायलाच हवेत. जागा पालिकेची आहे. दुर्गंधीने लोक हैराण आहेत. कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला गेलाच ना, मग मासळीचा का नाही? पर्यायी जागा दिली तरी कोळणी हटत नाहीत. हल्ली मासे ॲपवर मिळतात. आणि शेवटी, कोळ्यांना काहीही द्या, ते विरोधच करणार.

मी कोळीवाड्यात वाढले. माझी आय चाळीस वर्षं मासे विकते. मेसेज पुढे ढकलणारे माझ्याच ओळखीचे आहेत, रविवारी आमच्याकडून पापलेट नेणारेही त्यांत आहेत. म्हणून एकेका मुद्द्याला नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

आधी प्रकरण काय आहे ते. क्रॉफर्ड मार्केटजवळ पलटण रोडवर छत्रपती शिवाजी महाराज मंडई 1971 मध्ये उभी राहिली. शहराचा मोठा घाऊक मासळी बाजार तिथे भरत आला. इमारत धोकादायक ठरली, आणि 2019 पासून विक्रेत्यांना शहराच्या वेशीवर, ऐरोलीला जा असं सांगणं सुरू झालं. कोळणी रस्त्यावर उतरल्या. ऑगस्ट 2021 मध्ये दादरला सेनापती बापट मार्गावरचा मासळी बाजार पालिकेने हटवला, तेव्हाही ऐरोलीचंच नाव पुढे आलं. मग 2024 च्या अखेरीस पलटण रोडच्या मंडईचा भूखंड भाडेपट्ट्याने देण्यासाठी पालिकेने निविदा काढली. मासे विकणाऱ्यांना शेजारच्या महात्मा फुले मंडईच्या (म्हणजेच क्रॉफर्ड मार्केटच्या) नव्या इमारतीत जागा देऊ, असं पालिकेने सांगितलं. तिथे मासळीचे ट्रक कुठे लागणार, बर्फ कुठे उतरणार, हे विक्रेत्यांचे प्रश्न आहेत. एवढ्या पार्श्वभूमीवर तो मेसेज फिरतोय.

सगळ्यांना पटणारा मुद्दा वाशीचा आहे, म्हणून तोच पहिला घेते. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार 1981 मध्ये वाशीला गेला, फळं आणि भाजी 1996 मध्ये गेली. खरं आहे, आणि त्याचा शहराला फायदाही झाला. पण कांदा येतो कुठून? नाशिककडून, ट्रकने, घाट उतरून. वाशी मुंबईच्या वेशीवर आहे. कांद्याला मुंबईत शिरण्याआधी थांबवलं, एवढंच झालं. मासळी येते समुद्रातून. मुंबईत ती उतरते ससून डॉकला, 1875 मध्ये बांधलेल्या कुलाब्याच्या गोदीत, आणि माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर. दोन्ही बंदरं शहराच्या दक्षिण टोकाला. पलटण रोड तिथून जवळच. आता कुलाब्याला उतरलेली मासळी तीसेक किलोमीटर लांब ऐरोलीला न्यायची, तिथे विकायची, आणि तीच मासळी पुन्हा गिरगाव, परळ, माहीमला परत आणायची. कांदा दोन दिवस गोणीत पडून राहिला तरी कांदाच राहतो. बोंबील तसा नसतो. त्याच्या अंगात पाणीच पाणी, बर्फ कमी पडला की दुपारपर्यंत लिबलिबीत होतो आणि गिऱ्हाईक हात लावून पुढे जातं. आय म्हणते, बर्फाचं पाणी झालं की पैशाचं पाणी झालं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करते. पलटण रोडला येणारी सगळी मासळी मुंबईच्या बंदरातली नसते. गुजरातहून, दक्षिणेकडून बर्फातल्या मासळीचे ट्रक येतात, आणि त्या ट्रकांमुळे पहाटे रस्ता तुंबतो. त्या ट्रकांसाठी शहराच्या वेशीवर सोय करा असं कुणी म्हणालं तर त्यावर बोलता येईल. पण मेसेज ट्रकांबद्दल बोलत नाही, बाजाराबद्दल बोलतो. आणि बाजार म्हणजे काही फक्त ट्रकवाले दलाल नव्हेत. तिथून पाटी भरून नेणाऱ्या शेकडो बायका म्हणजे तो बाजार.

त्या बायका प्रवास कसा करतात हे मेसेज लिहिणाऱ्याने पाहिलेलं नसावं. पहाटे घर सोडायचं, लोकलच्या लगेजच्या डब्यात उभं राहायचं, उजाडायच्या आत लिलावाला पोचायचं. माल घेतला की बर्फ मारून, पाटी डोक्यावर घेऊन परत स्टेशन. पलटण रोडहून सीएसएमटी आणि मस्जिद दोन्ही चालत गाठता येतात. म्हणूनच तो बाजार त्या जागी चालला. ऐरोली ठाणे-वाशी मार्गावर आहे. दादरच्या बाईने ठाण्याला गाडी बदलायची, ऐरोलीला उतरायचं, तिथून रिक्षा करायची, आणि येताना तेच सगळं पाणी गळणारी पाटी सांभाळत. ठाण्याच्या पुलावर सकाळच्या गर्दीत ओल्या पाटीसकट चढून बघा. टेम्पो करावा तर तीन-चार पाट्या घेणाऱ्या बाईला भाडं परवडत नाही. म्हणजे माल घेणार तो ज्याच्याकडे गाडी आहे. बाजार ऐरोलीला गेला की तो जिवंत राहीलही, पण बायकांच्या हातून जाईल. ‘पर्यायी जागा दिली तरी हटत नाहीत’ याचं उत्तर यातच आलं. चार भिंती आणि छप्पर मिळालं म्हणजे पर्याय मिळाला असं होत नाही.

पर्यायी जागेचा आमच्या घरातला अनुभवही सांगते. आय ज्या किरकोळ मंडईत बसायची (नाव घेत नाही), तिची दुरुस्ती निघाली. सहा महिन्यांत परत आणतो म्हणून सगळ्यांना पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. सहा महिन्यांची सहा वर्षं झाली. जुन्या मंडईत तिचा ओटा चार फुटांचा होता, मागच्या बाजूला उतार, उताराखाली गटार. मासा कापला, तांब्याभर पाणी ओतलं की रक्त-खवले आपसूक मागे जायचे. शेडमध्ये ओटा अडीच फूट, आणि उतार पुढच्या बाजूला. म्हणजे घाण पाणी थेट गिऱ्हाइकाच्या चपलेवर. नळ सकाळी एकच तास. आय घरून दोन कॅन पाणी न्यायची, एक मासे धुवायला आणि एक गिऱ्हाइकाच्या पायाखालची फरशी धुवायला. ओट्याचा उतार फिरवून द्या म्हणून अर्ज केला, त्याची पोच मी स्वतः आणली. उतार मात्र शेवटपर्यंत तसाच राहिला.

आता दुर्गंधीकडे वळते. ताज्या मासळीला वास असतो, तो समुद्राचा. नाक धरायला लावणारा वास येतो साचलेल्या पाण्याचा, न उचललेल्या खवल्यांचा आणि आतड्यांचा, बर्फाविना पडलेल्या मालाचा. त्यावर उपाय काय, ते मासे विकणारी कोणतीही बाई बोटांवर मोजून सांगेल: योग्य उताराचा ओटा, दिवसभर पाणी, झाकलेलं आणि रोज साफ होणारं गटार, बर्फ ठेवायला खोली, दिवसातून दोनदा कचरा उचलणारी गाडी. यातलं एकही काम विक्रेत्या बाईच्या हातातलं नाही. या सगळ्या सुविधा आहेत, आणि त्या देणं ज्याचं काम आहे त्याने त्या दिल्या नाहीत म्हणून वास येतो. मग त्या वासाचं कारण सांगून बाईलाच हलवायचं? हीच मासळी ऐरोलीत याच गटारांसकट विकली तर तिथे वास येणार नाही का? की तिथल्या लोकांना नाकं नाहीत?

यातच एक अशी गोष्ट येते जी कुठल्याच मेसेजमध्ये नसते. बाजारात बसणाऱ्या बायका पहाटेपासून दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत. घोटभर घेतात, ओठ ओले करतात, बस. कारण जायचं कुठे? स्वच्छतागृह असलंच तर त्याला कुलूप, नाहीतर ते लांब, आणि ओटा सोडून गेलं तर मागे मांजर मासा नेतं आणि गिऱ्हाईक निघून जातं. आयला दोनदा मूतखड्याचा त्रास झाला. डॉक्टर म्हणाले, पाणी जास्त प्या. ती हसली नुसती. ‘मोक्याच्या जागेवरची घाण’ म्हणून ज्या ठिकाणाचा उल्लेख होतो, तिथे काम करणाऱ्या बाईला लघवीची सोय नाही. स्वच्छतेची एवढीच काळजी असेल तर सुरुवात तिथून करता येईल.

‘जागा पालिकेची आहे’ या मुद्द्यात निम्मं खरं आहे. जागा पालिकेची आहेच. पण मुंबई महापालिकेचा कायदा 1888 चा, आणि त्याच्या कलम 61 मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिलेली आहेत. सार्वजनिक बाजार बांधणं आणि राखणं हे त्यांत येतं. रस्ता, गटार, दवाखाना यांच्या पंगतीला बाजार बसतो. दवाखान्याची इमारत मोडकळीला आली म्हणून तो भूखंड भाड्याने देऊन टाका असं कुणी म्हणत नाही. इमारत धोकादायक असेल तर पाडायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. आमच्याच बायका त्या स्लॅबखाली बसत होत्या. पाडल्यानंतर त्याच जागी पुन्हा बाजार का उभा राहू नये, हा प्रश्न आहे.

मंडईबाहेर, फुटपाथवर बसणाऱ्या कोळणींचा कायदा वेगळा, 2014 चा पथविक्रेता कायदा. तो म्हणतो की स्थलांतर शक्यतो टाळावं, आणि जिथे विक्रेते पन्नास वर्षांहून जास्त काळ धंदा करत आले आहेत असे नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत, तिथल्यांना हलवू नये. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. सोसायटीच्या ग्रुपवरच्या किती जणांना हे ठाऊक आहे? आम्हालाही ते फार उशिरा कळलं.

ॲपचा मुद्दा थोडक्यात. ॲपवर मासे मिळतात, मीही एकदोनदा मागवले आहेत. पण तिथे मांदेलीचा वाटा मिळत नाही. मूठभर जवळा, महिनाअखेरीला परवडेल अशी करंदी, ‘आज पैसे नाहीत, बुधवारी देते’ म्हणून नेलेली मुशी मिळत नाही. हातावर पोट असलेली मुंबई त्या ओट्यावरून मासे नेते.

राहिला शेवटचा आरोप, आणि तो सगळ्यात जिव्हारी लागतो: कोळी विरोधच करतात. वरळी घ्या. मुंबईचा किनारी रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडताना पुलाच्या खांबांमधलं अंतर 60 मीटर ठेवलं होतं. वरळी कोळीवाड्यातले नाखवा, म्हणजे होड्यांचे मालक, सांगत राहिले की क्लीव्हलँड बंदरातून होड्या जातात-येतात, वारा आणि करंट जोरात असला की होडी सरळ रेषेत राहत नाही, एवढ्या फटीत ती खांबावर आदळेल. तेव्हाही हेच म्हटलं गेलं: विकासाला विरोध, प्रकल्प रखडवणं, तज्ज्ञांनी सांगितलंय की 60 पुरे. कोळ्यांनी पाण्यात होड्या उभ्या करून काम अडवलं. शेवटी डिसेंबर 2022 मध्ये एक खांब काढून अंतर 120 मीटर करायचं ठरलं. कोळ्यांनी मागितलं होतं त्याहून हे कमीच, तरी त्यांनी ते मानलं. मग त्या जागी दोन हजार टनांच्या आसपासची लोखंडी कमान तराफ्यावरून आणून एप्रिल 2024 मध्ये बसवली, मे महिन्यात दुसरी बसवली, आणि सप्टेंबरमध्ये एका बाजूचा पूल खुला झाला. आज तिथून गाड्या जातात आणि खालून होड्याही. पुलाच्या या वादात रस्ता नको असं वरळीचा कोळी म्हणाला नव्हता. मला जायला वाट ठेवा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आणि माहीमला बायकांच्या बचतगटांना घेऊन सीफूड प्लाझा सुरू झाला, तेव्हा कोणता मोर्चा निघाला? आमच्या आत्याच्या सुना तिथे सुरमई तळायला उभ्या राहिल्या.

मासळी बाजाराबद्दलही मागणं तसंच साधं आहे. आहे त्या जागी किंवा तिथून चालत जाता येईल अशा जागी बाजार. आराखडा मंजूर व्हायच्या आधी तो विक्रेत्यांना दाखवायचा, मराठीत, आणि ओटे कसे असतील ते कागदावर नाही तर एक ओटा प्रत्यक्ष बांधून दाखवायचं. बर्फाची खोली, ट्रक लागायला जागा, दिवसभर पाणी, बायकांसाठी कुलूप नसलेलं स्वच्छतागृह. तात्पुरतं हलवायचं असेल तर परत आणण्याची तारीख लेखी.

आय आता पासष्टची आहे. शेडमधल्या सहा वर्षांनंतर नव्या मंडईत तिला ओटा मिळाला, साडेतीन फुटांचा. पहिल्या दिवशी तिने पाटी खाली ठेवायच्या आधी तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठे वाहतंय ते बघत उभी राहिली. पाणी मागच्या बाजूला गेलं. मग तिने विळी मांडली.