दिवसाढवळ्या रात्र

अमेरिकेतली माणसे जागी असतात तेव्हा आपणही जागे असावे, या अटीवर मला पगार मिळत असल्यामुळे हिंजवडीतली माझी पाळी रात्री नऊला सुरू होते आणि सकाळी सहाला सुटते. घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकली, तरी चार तासांच्या वर डोळा लागत नाही. शेवटी डॉक्टरांनी मेलाटोनिनची ३ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली आणि बजावले, "हिच्याने गुंगी येईल अशी आशा धरू नका. रात्र झाली, एवढाच निरोप ती शरीराला देते."

एरवी हा निरोप मेंदूतली पिनिअल ग्रंथी पोहोचवते. मात्र डोळ्यांवर उजेड पडला की ती गप्प बसते. १९५८ साली येल विद्यापीठातल्या ॲरन लर्नर यांनी निरोपाचे हे द्रव्य, म्हणजे मेलाटोनिन, गुरांच्या याच ग्रंथींतून वेगळे काढले. ते त्वचारोगतज्ज्ञ होते आणि शोधत होते ते कातडीच्या रंगाविषयी काहीतरी. माझी झोप अशी गोठ्यातून, तीही चुकून, निघाली आहे. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४च्या आढाव्यानुसार रात्रपाळीनंतर ही गोळी घेणाऱ्यांची दिवसाची झोप सरासरी चोवीस मिनिटांनी वाढते. पुरावा फारसा भक्कम नाही, पण चोवीस मिनिटेही मी कोणाला सोडणार नव्हतो.

परतताना उन्हापासून डोळे जपा, असेही डॉक्टरांनी सांगितले होते. म्हणून सकाळी सात वाजता मी काळा गॉगल लावून सोसायटीत शिरलो. "साहेब, डोळे आले का?" वॉचमनने चार पावले मागे सरकून विचारले. मी नाही म्हणेपर्यंत लिफ्टमधल्या दोघांनी जिन्याची वाट धरली होती.

गोळी घेतली, खिडक्यांना जाड चादरी लावल्या आणि खरोखरच, कुकरच्या शिट्ट्या आणि भंगारवाल्याची हाळी ओलांडून मला गाढ झोप लागली. साडेदहाला बेल वाजली. दारात समोरच्या काकू गुलाबपाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या.

"अहो, कळवायचं तरी! ह्यांचेही मागच्या पावसाळ्यात आले होते."

डोळे आलेले नाहीत, हे माझे म्हणणे माझ्या लालभडक डोळ्यांपुढे टिकले नाही. काकू पाऊण तास बसल्या, म्हणजे चोवीस वजा जाता माझ्याकडे एकवीस मिनिटांची थकबाकी निघाली. उठताना त्यांनी मायेने खिडकीवरच्या चादरी ओढून काढल्या.

"अशा कोंदट अंधारात कसे बरे होणार डोळे?"