भाच्याच्या टिपणवहीतले एक वाक्य आणि लक्षद्वीपची जागा

माझा भाचा राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करतो. गेल्या आठवड्यात त्याची राज्यघटनेची टिपणवही चाळत असताना ‘संकीर्ण’ या मथळ्याखाली हिरव्या शाईने, चौकट आखून लिहिलेले एक वाक्य दिसले : ‘लक्षद्वीप – मुस्लिमांसाठी राखीव असलेला देशातील एकमेव लोकसभा मतदारसंघ.’ हे कुठून घेतलेस, असे विचारल्यावर “मावशी, अभ्यासाच्या ग्रुपवर आलं होतं, सगळ्यांनीच उतरवून घेतलंय,” असे उत्तर मिळाले. मूळ मजकूर मागवून वाचला, तेव्हा लक्षात आले की तो आमच्या घरच्या ग्रुपवरही दोनदा येऊन गेला होता आणि मी तो न उघडताच पुढे सरकवला होता. तेव्हाच दोन ओळी लिहिल्या असत्या, तर आज एवढे लिहावे लागले नसते.

लक्षद्वीपचे दिवंगत खासदार पी. एम. सईद यांच्या छायाचित्राखाली त्या मजकुरात चार दावे आहेत. सईद हे मुंबईचे वकील होते आणि काँग्रेसने त्यांना बेटावर नेऊन उभे केले, हा पहिला. लक्षद्वीपची जागा मुस्लिमांसाठी राखीव आहे, हा दुसरा. तिथे कोणाला विरोधात उभेच राहू दिले जात नसे, म्हणून ते दहा वेळा निवडून आले, हा तिसरा. आणि मूठभर मतदारांसाठी एक खासदार पोसणे ही उधळपट्टी असल्याने बेटे केरळात विलीन करावीत, हा चौथा. यातला दुसरा दावा सर्वांत निराधार आणि सर्वांत घातक असल्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

भारतात धर्माच्या आधारावर राखीव असलेली लोकसभेची एकही जागा नाही. ब्रिटिशांच्या काळात धर्मानुसार स्वतंत्र मतदारसंघ होते. अल्पसंख्याकांसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद घटना समितीच्या आरंभीच्या मसुद्यातही होती. मात्र मे १९४९ मध्ये सरदार पटेल यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीच्या शिफारशीवरून घटना समितीने ती काढून टाकली. त्यानंतर अनुच्छेद ३३० मध्ये उरल्या त्या फक्त अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांच्यासाठीच्या राखीव जागा. आज त्या अनुक्रमे ८४ आणि ४७ आहेत, आणि त्या ४७ पैकी एक लक्षद्वीपची आहे. आपल्या नंदुरबारची जागा ज्या तरतुदीने राखीव आहे, त्याच तरतुदीने लक्षद्वीपचीही राखीव आहे. नंदुरबारच्या बाबतीत कोणी असा संशय घेत नाही, हे मात्र विचार करण्यासारखे आहे.

गोंधळ का होतो, तेही सांगते. २०११ च्या जनगणनेनुसार लक्षद्वीपच्या ६४ हजारांच्या लोकसंख्येत सुमारे ९६.६ टक्के लोक मुस्लिम आहेत, आणि अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ९४.८ टक्के आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की घाईत वाचणाऱ्याला ते एकच वाटतात. प्रत्यक्षात तेथील जमातीची व्याख्या धर्माचा उल्लेखही करत नाही. केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या १९५१ च्या अनुसूचित जमाती आदेशानुसार, जे स्वतः आणि ज्यांचे आई-वडील असे दोघेही त्या बेटांवर जन्मले, ते तेथील रहिवासी अनुसूचित जमातीचे. कसोटी जन्माची आहे. पुढे तिच्यातच अडचण निघाली : मुख्य भूमीवर जन्मलेली मुले कोरड्या व्याख्येनुसार जमातीबाहेर पडू लागली, तेव्हा अशी मुले बेटांवर कायम वास्तव्याला आली तर ती तिथेच जन्मली असे मानावे, अशी दुरुस्ती संसदेला करावी लागली. धर्म पाहून राखीव ठेवलेल्या जागेसाठी बाळंतपण कुठे झाले याची काळजी कायद्याने कशाला केली असती?

आता माझा मुख्य आधार. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम ४ लोकसभेच्या उमेदवाराची पात्रता ठरवते. देशातल्या बहुतेक जागांसाठी नियम सैल आहे : तुम्ही भारतात कुठल्याही मतदारसंघाचे मतदार असलात तरी चालते, म्हणून तर पुण्याचा माणूस वाराणसीतून उभा राहू शकतो. राज्यांतल्या जमातीच्या बहुतेक राखीव जागांवरसुद्धा दुसऱ्या राज्यातल्या जमातीचा उमेदवार चालतो. लक्षद्वीपसाठी मात्र या कलमात वेगळा खंड आहे, आणि त्यानुसार उमेदवार त्याच केंद्रशासित प्रदेशातल्या अनुसूचित जमातीचा आणि त्याच मतदारसंघाचा मतदार असला पाहिजे. म्हणजे मलप्पुरमचा मुस्लिम तिथे उभा राहू शकत नाही, हैदराबादचा नाही, भेंडीबाजारचाही नाही. लक्षद्वीपची राजधानी असलेल्या कवरत्तीला नोकरीनिमित्त वीस वर्षे राहिलेला, तिथल्या मतदारयादीत नाव असलेला कोळिकोडचा मुस्लिम शिक्षकसुद्धा नाही. देशातल्या कोट्यवधी मुस्लिमांना जी जागा लढवताच येत नाही, ती ‘मुस्लिमांसाठी राखीव’ कशी, हे त्या मजकुराच्या लेखकाने एकदा समजावून सांगावे.

‘जमात आणि मुस्लिम एकत्र कसे?’ असा प्रश्न भाच्यानेही विचारला, आणि तो प्रामाणिक असल्यामुळे त्याचे उत्तर देते. धर्माची अट अनुसूचित जातींच्या आदेशात आहे. तो १९५० चा आदेश आधी हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये त्यात शीख आले आणि १९९० मध्ये बौद्ध. ती शेवटची दुरुस्ती होण्यासाठी किती वर्षे लागली, हे महाराष्ट्राला कोणी सांगायला नको. अनुसूचित जमातींच्या आदेशांत तशी अट कधीच नव्हती. खासी ख्रिस्ती असो वा लडाखमधला बौद्ध, तो जमातीचाच राहतो. बेटांवरचे मुस्लिमही शतकानुशतके मुख्य भूमीपासून तुटलेले, स्वतःच्या रीतींनी चालणारे लोक. त्यांची घराणी आईकडून मोजली जातात, आणि घराण्याच्या सामाईक मालमत्तेला ‘शुक्रवारची’ व स्वतः कमावलेल्या मालमत्तेला ‘सोमवारची’ म्हणण्याची पद्धत तिथे आहे. मजकुराच्या लेखकाच्या डोळ्यांसमोर जो ‘मतपेढी’चा साचा आहे, त्यात हे लोक बसत नाहीत.

पहिल्या दाव्यात सत्याचा एक कण आहे, तो नाइलाजाने मान्य करते. सईद यांचे कायद्याचे शिक्षण मुंबईत, सिद्धार्थ विधी महाविद्यालयात झाले. ते डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे. पण माणूस मुंबईत शिकला म्हणून मुंबईचा होत नाही, नाहीतर विदर्भातले आणि कोकणातले निम्मे वकील आपल्याला पुण्याचे म्हणावे लागतील. सईद यांचा जन्म १९४१ मधला, आंद्रोत बेटावरचा. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे हे बेट लक्षद्वीपमधले सर्वांत मोठे, यावरून बाकीच्यांची कल्पना यावी. तेथून मंगळूरचे महाविद्यालय, मग मुंबईत कायद्याची पदवी, आणि १९६७ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, थेट लोकसभा. प्रवास बेटावरून मुंबईला आणि मुंबईहून पुन्हा बेटाकडे झाला. मजकुराच्या लेखकाने त्यातला पहिला टप्पा तेवढा कापून टाकला.

‘काँग्रेसने नेऊन उभे केले’ हे तर १९६७ चा निकाल पाहण्याचेही कष्ट न घेता लिहिले आहे. त्या निवडणुकीत सईद अपक्ष म्हणून निवडून आले होते. काँग्रेसच्या तिकिटावर ते नंतर लढले. १९८० मध्ये, इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या त्या निवडणुकीत, ते इंदिरा काँग्रेसचेही नव्हते, देवराज अर्स यांच्या काँग्रेसचे होते आणि तरीही जिंकले.

तिसऱ्या दाव्याबाबत थोडे अधिक प्रामाणिक राहायला हवे. १९५७ आणि १९६२ च्या लोकसभांमध्ये या बेटांचा सदस्य निवडून आलेला नव्हता, राष्ट्रपतींनी नामनिर्देशित केलेला होता. मतदानाचा हक्क बेटांना १९६७ मध्येच मिळाला. आणि १९७१ मध्ये सईद बिनविरोध निवडून आले, हेही खरे. पण एका बिनविरोध निवडणुकीवरून दहा निवडणुका बनावट ठरवायच्या असतील, तर २००४ चे काय करायचे? त्या वर्षी संयुक्त जनता दलाच्या पी. पूकुन्ही कोया यांनी सईद यांना हरवले, आणि फरक होता ७१ मतांचा. आपल्याकडे गृहनिर्माण सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा याहून मोठे फरक पडतात. ज्या ठिकाणी विरोधात उभेच राहू दिले जात नाही, तिथे लोकसभेचा मावळता उपाध्यक्ष ७१ मतांनी पडत नसतो. सलग निवडून येणे हाच गुन्हा असेल तर नंदुरबारचे माणिकराव गावित नऊ वेळा सलग निवडून आले होते, त्यांचाही हिशेब याच मापाने करावा लागेल.

घराणेशाहीचा आरोप केला असता तर मी गप्प बसले असते. २००९ मध्ये सईद यांचे चिरंजीव हमदुल्ला सईद तिथून निवडून आले आणि २०२४ मध्ये पुन्हा आले. मात्र मधल्या दोन्ही निवडणुकांत राष्ट्रवादी काँग्रेसच्या मोहम्मद फैझल यांनी त्यांना हरवले. २०१९ चा फरक ८२३ मतांचा होता. मतदार एका आडनावाला बांधील नाहीत, एवढे त्यातून दिसते. जाता जाता महाराष्ट्राच्या वाचकांसाठी : २०२४ मध्ये शरद पवार आणि अजित पवार या दोघांच्याही पक्षांचे उमेदवार त्या चिमुकल्या मतदारसंघात एकमेकांसमोर होते.

मजकुरात ‘दहा वेळा निवडून येऊन केले काय?’ असाही एक टोमणा आहे. कामाची यादी देत बसत नाही, एकच प्रसंग सांगते. वाजपेयी सरकारच्या काळात विरोधी बाकांवरचे सईद लोकसभेचे उपाध्यक्ष होते. ३ मार्च २००२ रोजी अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी यांचे हेलिकॉप्टर अपघातात निधन झाले आणि अनुच्छेद ९५ नुसार अध्यक्षपदाची कर्तव्ये सईद यांच्याकडे आली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला ‘पोटा’ या दहशतवादविरोधी विधेयकासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक झाली. स्वतंत्र भारताच्या इतिहासातली ती तिसरीच. स्वतःच्या पक्षाचा कडाडून विरोध असलेल्या त्या विधेयकाच्या बैठकीचे अध्यक्षस्थान सईद यांच्याकडे होते आणि विधेयक ४२५ विरुद्ध २९६ मतांनी संमत झाले. मे महिन्यात मनोहर जोशी अध्यक्ष झाले, तोवर सभागृहाचा कारभार या आंद्रोतच्या वकिलाने चालवला. मजकुराच्या लेखकाला अभिप्रेत असलेले ‘मतपेढीचा माणूस’ हे वर्णन या प्रसंगाला कसे लागू पडते, ते मला समजत नाही.

राहिला चौथा दावा. त्यातले अंकगणित बरोबर आहे : ठाण्यात वीस लाखांहून अधिक मतदार एक खासदार निवडतात, तर लक्षद्वीपमध्ये साठ हजारांहून कमी. लोकसंख्येच्या प्रमाणात जागा देण्याचे घटनेतले सूत्र राज्यांसाठी आहे. केंद्रशासित प्रदेशांच्या जागा संसद कायद्याने स्वतंत्रपणे ठरवते. ठाणेकर मतदाराला खासदाराखेरीज आमदार असतो, नगरसेवक असतो, विधानसभेला जबाबदार असलेले सरकार असते. लक्षद्वीपला विधानसभा नाही. तेथील कारभार राष्ट्रपतींनी नेमलेला प्रशासक पाहतो, आणि अनुच्छेद २४० खाली राष्ट्रपती तेथे जी विनियमने (कायद्याचे बळ असलेले नियम) काढतात, त्यांना संसदेचा तिथे लागू असलेला कायदाही बदलता येतो. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणापासून पंचायतीपर्यंतच्या विनियमनांचे मसुदे आले, तेव्हा त्यांवर बोलायला बेटांकडे दिल्लीत एकच निवडून दिलेला माणूस होता. केरळातल्या एका लोकसभा मतदारसंघात सरासरी तेरा-चौदा लाख मतदार असतात. त्यात हे साठ हजार मिसळले की तोही उरणार नाही.

भाच्याने वहीतली ती चौकट खोडून खाली ‘अनुसूचित जमातींसाठी राखीव, उमेदवार स्थानिकच’ असे लिहिले, आणि मग विचारले, “राज्यसभेत त्यांचं कोण असतं?” कोणीही नसते. राज्यसभेच्या जागा वाटून देणाऱ्या घटनेच्या चौथ्या अनुसूचीत लक्षद्वीपच्या वाट्याला जागाच नाही. म्हणूनच २००४ मध्ये ७१ मतांनी हरल्यानंतर, केंद्रात ऊर्जामंत्री असलेल्या सईद यांना संसदेत परत यायला दिल्लीची राज्यसभेची जागा घ्यावी लागली.